गोव्याच्या सांता फे विद्यालयांतील विद्यार्थी व त्यांचे गुरु
(इ. स. १५४१ ते १५५९)

१

जुन्या गोव्यांत संत पॉलच्या विद्यालयाची आज केवळ एक दर्शनी कमान उभी आहे. मागील विस्तीर्ण इमारत रोगराईमुळें प्रथम ओस पडली व एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत पाडून टाकण्यांत आली. हिंदुस्थानांतील पहिला छापखाना येथेंच सुरू झाला, ही गोष्ट इतिहासप्रेमी वाचकांस ठाऊक आहेच. परंतु छापखाना येण्यापूर्वीं पंधरा वर्षें ह्याच जागीं एक निराळा प्रयोग चालू होता. आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून चीन-जपानपर्यंतच्या मुलांना एका छपराखालीं आणून त्यांचे पाद्री बनविण्याचा हा प्रयोग होय. त्याचें मूळ नांव सांता फे, म्हणजे पवित्र श्रद्धेचें विद्यालय. प्रस्तुत लेखांत त्या विद्यालयाच्या विद्यार्थिमंडळाचा विचार करावयाचा आहे.

ह्या विषयावरील साधनें विपुल आहेत, पण तीं एका बाजूचीं आहेत. तेथील जेझुइट पाद्री दरवर्षीं पोर्तुगालास व रोमेस पत्रें धाडीत. त्यांपैकीं बहुतेक पत्रें जपून राहिलीं असून ‘दोकुमेंता इंदिका’ ह्या अठरा खंडांच्या संग्रहांत इ. स. १९४८ पासून १९८८ पर्यंत छापूनही निघालीं आहेत. मात्र हीं पत्रें गुरूंचीं आहेत. शिष्यांच्या मुखांतून निघालेले शब्द त्यांत फार थोडे सांपडतात. म्हणून एका गुरूचें म्हणणें दुसऱ्या गुरूच्या म्हणण्याशीं ताडून पाहावयाचें, आणि मग विद्यार्थ्यांच्या पुढील आयुष्यक्रमावरून दोघांचीही परीक्षा करावयाची, हाच मार्ग उरतो. तो धरला असतां आमच्या मतें एक गोष्ट स्पष्ट होते. ‘हीं मुलें नालायक निघालीं’ असा जो निकाल ह्या पत्रांत वारंवार येतो, तो मुलांविषयींचा पुरावा म्हणून अपुरा आहे. तो मुख्यतः निकाल देणारांच्या स्वभावाचा व अपेक्षांचा पुरावा आहे.

२

विद्यालयाच्या स्थापनेची हकीकत थोडक्यांत अशी. इ. स. १५४१ च्या एप्रिलांत गोव्याचा व्हिकार जनरल मिगेल वाझ व प्रवचनकार दियोगु द बोर्ब ह्यांनीं एक धर्ममंडळ स्थापिलें. नव्या ख्रिस्त्यांचें रक्षण करावें आणि एतद्देशीय मुलांना शिकवून त्यांच्याकडून त्यांच्या देशबांधवांत धर्मप्रसार करवावा, हे मंडळाचे हेतु होते. खर्चाची तरतूद कशी झाली हें आमच्या वाचकांनीं विसरूं नये. तिसवाडींतील देवळें पाडलीं गेलीं होतीं, आणि त्या देवळांच्या जमिनींचें उत्पन्न जून १५४१ मध्यें तेथील गांवकऱ्यांना एकत्र बोलावून त्यांच्या ‘संमतीनें’ ह्या कार्याकडे वळविण्यांत आलें. ज्या जमिनींवर पुजारी, वाजंत्री व देवळाचे इतर सेवेकरी पोसले जात, त्यांवरच आतां ही मुलें पोसलीं जाऊं लागलीं. त्यांत त्याच गांवचीं कांहीं मुलें असावींत, हें तर्कास धरून आहे. विद्यालयाचें चर्च २५ जानेवारी १५४३ रोजीं, म्हणजे संत पॉलच्या धर्मांतराच्या सणाच्या दिवशीं, उपासनेसाठीं खुलें झालें. त्यावरूनच ‘संत पॉल’ हें नांव रूढ झालें.

फ्रान्सिस झेवियर ६ मे १५४२ रोजीं गोव्यास उतरला. त्या सालच्या सप्टेंबरांतील त्याच्या पत्रांत ह्या विद्यालयाचें वर्णन आहे. मुलें साठांवर असून निरनिराळ्या देशांचीं आहेत, शंभरांवर विद्यार्थी पोसतां येतील एवढें उत्पन्न आहे, आणि नवें चर्च पॅरिसच्या सोर्बोन विद्यालयाच्या चर्चपेक्षां जवळजवळ दुपटीनें मोठें आहे, असें तो उत्साहानें लिहितो. झेवियर हा पॅरिसचा विद्यार्थी. त्यास मोजमाप म्हणून सोर्बोन आठवावें हें स्वाभाविक आहे. परंतु हीच संवय पुढें किती घातक ठरली तें खालीं दिसेल.

संस्थापकांची कल्पना मात्र सोर्बोनची नव्हती. बोर्बनें केलेल्या नियमांत प्रत्येक देशाच्या मुलांची संख्या वांटून दिली होती. कोंकणी व दख्खनी, मलबारी, सिंहली, बंगाली, पेगूकडील, मलायी, चिनी, हबशी, सोफाल्याकडील काफर, असे नाना देशांचे विद्यार्थी त्यास हवे होते. पोर्तुगीज मुलांसाठीं ही संस्था नव्हती. नियमांतील सर्वांत मार्मिक भाग भाषेविषयीं आहे. मुलगा फार लहान वयांत घेऊं नये, कारण तसें केल्यास तो आपली मातृभाषा विसरेल. आणि भाषा विसरलेला मुलगा आपल्या लोकांत जाऊन काय करणार? विद्यालयाचें सारें प्रयोजनच ह्या एका कलमांत सांठविलेलें होतें. मिगेल वाझ इ. स. १५४७ च्या जानेवारींत चेऊल येथें वारला. त्यास विष घातलें गेलें अशी वदंता उठली. त्याच महिन्यांत बोर्बही मरण पावला. संस्थेचे दोन्ही जनक असे एकाच महिन्यांत नाहींसे झाले, आणि तिचा कारभार क्रमाक्रमानें पूर्णपणें जेझुइटांच्या हातीं आला.

३

आतां घराच्या आंत डोकावून पाहूं. मुलें एकाच वयाचीं नव्हतीं. नियम कांहींही असो, प्रत्यक्षांत कांहीं अगदीं लहान तर कांहीं विशीच्या घरांत होतीं. एकास भात व मासळी हें अन्न, दुसऱ्यास तें अपरिचित. एकाची भाषा दुसऱ्यास कळत नसे. अशा घरांत आपसांतील बोलण्यासाठीं पोर्तुगीज भाषाच उरणार, आणि वर्गांत तर लॅटिन. म्हणजे संस्थापकांनीं जें टाळावें म्हणून लिहून ठेविलें, तें घराच्या रचनेंतूनच घडून येत होतें. दहा देशांचीं मुलें एकत्र ठेविल्यानें दहा भाषांचें रक्षण होत नाहीं. अकरावी भाषा प्रबळ होते. बोर्बच्या योजनेंतील हा अंतर्विरोध त्याच्या स्वतःच्या ध्यानांत आला नसावा.

ह्या मुलांवर देखरेख करणारे पहिले दोन पाद्री इटालियन होते, पण त्यांचे स्वभाव अगदीं भिन्न. पावलु कामेरिनु, ज्यास गोव्यांत सर्व ‘मिसेर पावलु’ म्हणत, हा फारसा विद्वान् नव्हता. मुलांची व रुग्णालयांतील आजाऱ्यांची सेवा हेंच त्यानें आयुष्यभर केलें, आणि इ. स. १५६० मध्यें तो गोव्यांतच वारला. मुलांच्या बुद्धीविषयीं मोठमोठे सिद्धान्त मांडण्याच्या भरीस तो पडला नाहीं. तीं भिन्न आहेत ही त्याच्या दृष्टीनें तक्रारीची गोष्टच नव्हती.

निकोलाव लान्सिलोत्तो इ. स. १५४५ मध्यें आला व लॅटिन व्याकरण शिकवूं लागला. प्रकृतीनें क्षीण, बुद्धीनें तीक्ष्ण आणि लेखणीनें परखड असा हा मनुष्य होता. त्याच्या पत्रांतून निराशेचा सूर निघतो. इतक्या देशांचीं मुलें एकत्र, त्यांचे आचार निराळे, बरींच मुलें आपखुषीनें आलेलीं नाहींत, आणि कारभार आपल्या हातीं नसून मंडळाच्या कारभाऱ्यांच्या हातीं. अशा स्थितींत त्यांतून पाद्री निपजण्याची आशा थोडी, असें त्याचें म्हणणें. ह्यांत खरेपणाचा अंश मोठा आहे. मुलें स्वेच्छेनें आलीं नव्हतीं हें त्यानें स्पष्ट लिहिलें, हा त्याचा प्रामाणिकपणा होय; इतर पत्रलेखक त्याविषयीं मौन धरतात. परंतु लान्सिलोत्तो हा व्याकरणाचा शिक्षक होता. विद्यार्थ्याची लायकी तो लॅटिनच्या विभक्तींवरून मोजीत होता, आणि बोर्बला लॅटिनपेक्षां कोंकणी व मलायीची किंमत अधिक वाटत होती, ही गोष्ट त्याच्या तराजूंत बसत नव्हती.

४

इ. स. १५४८ च्या ऑक्टोबरांत आंतोनियु गोमिश गोव्यास आला व विद्यालयाचा रेक्टर झाला. तो कोइंब्रा येथें शिकलेला, वजनदार घराण्यांतला, नामांकित वक्ता. त्याच्या प्रवचनांस गोव्याचे पोर्तुगीज गर्दी करीत. कोइंब्राचें जेझुइट विद्यालय हाच त्याचा आदर्श, आणि गोव्याचें विद्यालय हुबेहूब तसें करावें हा त्याचा निर्धार. प्रार्थनेचे तास, उपास, देहदंड, मौन; तिकडे तरुण उमेदवारांस जो क्रम असे तोच त्यानें येथील मुलांस लागू केला. परिणाम व्हावयाचा तोच झाला. मुलें भिंतींवरून उड्या टाकून पळूं लागलीं.

पुढें गोमिशनें एतद्देशीय मुलांस काढून टाकून त्यांच्या जागीं पोर्तुगीज तरुण भरले. ह्या कृत्याचें समर्थन त्याच्या पत्रांत आहे. त्याचा आशय असा कीं, ह्या देशांतील लोक बहुतेक दुबळ्या मनाचे आहेत, पोर्तुगीजांवांचून आपलें काम चालणार नाहीं, आणि येथील पोर्तुगीज हिंदी अथवा मिश्र वंशाच्या पाद्र्याजवळ पापनिवेदन करणार नाहींत. त्यांस शुद्ध पोर्तुगीजच पाहिजे. हा युक्तिवाद बारकाईनें पाहण्याजोगा आहे. पूर्वार्धांत मुलांचा दोष सांगितला आहे, पण उत्तरार्धांत दिलेलें कारण मुलांच्या दोषाचें नसून पोर्तुगीजांच्या वर्णाभिमानाचें आहे. दोन निराळ्या गोष्टी एका दमांत सांगून गोमिशनें दुसरीचा भार पहिलीवर टाकला. शिवाय हें विद्यालय पोर्तुगीजांची पापनिवेदनें ऐकण्यासाठीं स्थापिलेंच नव्हतें. ज्या गांवांच्या देवजमिनींवर तें चालत होतें त्या गांवांचीं मुलें घराबाहेर, आणि त्या उत्पन्नावर कोइंब्रासारखें पोर्तुगीज विद्यालय, असा हा व्यवहार झाला. मंडळाच्या मूळ करारास तो उघड विरोधी होता, म्हणून गोव्यांत त्यावरून मोठी कुरबुर माजली.

झेवियर इ. स. १५४९ च्या एप्रिलांत जपानकडे गेला होता. इ. स. १५५२ च्या आरंभीं तो परतला. त्यानें गोमिशचा अधिकार काढून घेतला, त्यास दीवला धाडलें, गास्पार बार्झेउ ह्या झीलंडच्या पाद्र्यास रेक्टर नेमलें, आणि एतद्देशीय मुलांस पुन्हां स्थान दिलें. गोमिश संघांतूनही काढला गेला, व इ. स. १५५४ मध्यें पोर्तुगालास परत जात असतां जहाज फुटून मरण पावला. तथापि गोमिशच्या प्रयत्नाचा सर्वस्वीं पराजय झाला असें म्हणतां येत नाहीं. ह्यापुढें ह्या वास्तूंत एतद्देशीय मुलांचा विभाग निराळा आणि जेझुइट उमेदवारांचा निराळा, अशी वांटणी कायम झाली. मुलें परत आलीं, पण घर आतां त्यांचें राहिलें नाहीं.

५

गुरूंचीं मतें येथवर पाहिलीं. आतां ज्यांचा पुढील आयुष्यक्रम माहीत आहे अशा तीन विद्यार्थ्यांकडे वळूं. ह्यांतील दोघांनीं ‘द सांता फे’ हें विद्यालयाचेंच नांव आडनांव म्हणून धारण केलें, हें लक्षांत घेण्याजोगें आहे.

पहिला जपानचा आंजिरो, ख्रिस्ती नांव पावलु द सांता फे. हा मुलगा नव्हता, प्रौढ पुरुष होता. कागोशिमा येथें त्याच्या हातून मनुष्यवध झाला, तेव्हां तो पोर्तुगीज जहाजावर पळाला, आणि इ. स. १५४७ च्या डिसेंबरांत मलाक्का येथें त्याची झेवियरशीं गांठ पडली. २० मे १५४८ रोजीं गोव्याच्या बिशपनें त्यास बाप्तिस्मा दिला. कांहीं महिन्यांतच तो पोर्तुगीज लिहूं वाचूं लागला, आणि संत मॅथ्यूचें शुभवर्तमान त्यानें आत्मसात् केलें. त्याच वर्षीं २९ नोव्हेंबर रोजीं त्याच्या नांवानें इग्नेशियसला लिहिलेलें पत्र उपलब्ध आहे. आणखी एक गमतीची गोष्ट अशी कीं, ज्या लान्सिलोत्तोला ह्या विद्यालयाच्या विद्यार्थ्यांविषयीं आशा नव्हती, त्यानेंच आंजिरोस समोर बसवून जपानविषयींची माहिती काढली व लिहून युरोपास पाठविली. येथें शिष्य बोलत होता व गुरु टिपून घेत होता. आंजिरो आपली भाषा विसरला नव्हता, म्हणूनच झेवियरास जपानांत पाऊल टाकतां आलें. मात्र तो पंडित नव्हता. ‘देव’ ह्या अर्थीं त्यानें सुचविलेला ‘दाइनिचि’ हा शब्द बौद्धांच्या एका बुद्धाचें नांव निघाला आणि तो पुढें सोडून द्यावा लागला. पुढें त्यानें चांच्यांची संगत धरली व चीनच्या किनाऱ्यावर तो मारला गेला, असें फ्रोइश लिहितो.

दुसरा चीनचा आंतोनियु द सांता फे. हा आंजिरोच्या उलट उदाहरण आहे. तो लहानपणीं विद्यालयांत आला व तेथें कित्येक वर्षें राहिला. इ. स. १५५२ मध्यें झेवियर चीनला निघाला, तेव्हां दुभाषी म्हणून त्यानें ह्यास बरोबर घेतलें. प्रवासांत असें कळून आलें कीं, आंतोनियु आपली भाषा विसरला आहे. दुभाष्याचें काम त्यास झेपत नाहीं. बोर्बच्या नियमांतील भय शब्दशः खरें ठरलें. तरीही इतर सोबती गळाले असतां सांच्वान बेटावरील गवती झोंपडींत झेवियरच्या अंतकाळीं त्याची शुश्रूषा करणारा हाच होता. ३ डिसेंबर १५५२ च्या पहाटे झेवियरानें देह ठेविला. त्याच्या शेवटच्या दिवसांची हकीकत पुढील चरित्रकारांस मुख्यतः आंतोनियुकडूनच मिळाली. तापाच्या भरांत झेवियर एका भाषेंत बोलत होता व ती आपणास कळली नाहीं, असें त्यानें सांगितलें. ती झेवियरची मातृभाषा बास्क असावी, असा अभ्यासकांचा तर्क आहे. तो खरा असेल तर गुरूची मातृभाषा मरणसमयीं त्याकडे परत आली, आणि उशाशीं बसलेल्या शिष्याची मातृभाषा मात्र त्याच गुरूच्या विद्यालयांत हरपून गेली होती. ह्याहून अधिक भाष्य करण्याची गरज नाहीं.

तिसरा आमच्या अगदीं जवळचा. करमळीचा आंद्रे वाझ हा ब्राह्मण कुळांतला मुलगा ह्याच विद्यालयांत वाढला, आणि इ. स. १५५८ च्या सुमारास त्यास पाद्र्याची दीक्षा मिळाली. गोव्याच्या भूमिपुत्रांतला तो पहिला पाद्री समजला जातो. त्याचा गांव विद्यालयापासून हांकेच्या अंतरावर. आजूबाजूस सारी वस्ती त्याच्याच भाषेची. म्हणून घरांतील पोर्तुगीज व वर्गांतील लॅटिन शिकूनही त्याची भाषा टिकली, आणि आपल्या लोकांत दुभाषी म्हणून तो उपयोगी पडला. त्याच काळांतील कोलंबचा ब्राह्मण पेद्रु लुईश हाही लक्षांत घ्यावा. इ. स. १५६१ मध्यें तो जेझुइट संघांत प्रविष्ट झाला व इ. स. १५७५ मध्यें पाद्री झाला. पण त्यानंतर दीर्घ काळपर्यंत संघानें कोणाही हिंदी मनुष्यास आंत घेतलें नाहीं. ज्या विचारानें गोमिशनें मुलांस बाहेर काढलें, तो विचार गोमिशबरोबर बुडाला नव्हता हें यावरून उघड होतें.

ह्या उदाहरणांवरून मुलांच्या ‘देशस्वभावा’विषयीं कांहींएक सिद्ध होत नाहीं. सिद्ध होतें तें एवढेंच कीं, जो मोठेपणीं आला किंवा ज्याचें गांव जवळ होतें त्याची वाणी शाबूत राहिली. आणि जो लहानपणीं दूर देशाहून आला त्याची गेली. फरक वंशाचा नव्हता, वयाचा व अंतराचा होता. बोर्बनें तो ओळखला होता. त्याच्या मागून आलेल्यांनीं तो वंशाच्या खातीं मांडला.

६

शेवटीं, हस्तलिखितांच्या संग्राहकांस ज्या गोष्टीचें विशेष अगत्य वाटेल ती सांगून हा लेख पुरा करतों. ६ सप्टेंबर १५५६ रोजीं गोव्यास छापखाना उतरला, आणि त्यावर प्रथम छापलें गेलें तें विद्यार्थ्यांच्या जाहीर वादविवादाचीं प्रमेयें, ‘कोंक्लुझोंइश’. म्हणजे हिंदुस्थानांतील पहिली छापील कृति ही विद्यार्थ्यांसाठींच होती. तिची एकही प्रत आज उपलब्ध नाहीं.

ह्याच्या उलट त्याच सुमारास विद्यालयांत काय येऊन पडत होतें तें पाहा. इ. स. १५५९ च्या पत्रांत फ्रोइश लिहितो कीं, एका नवख्रिस्ती ब्राह्मण तरुणानें, सरकारी परवानगीनें, कांहीं सोबती घेऊन पलीकडच्या मुलखांत एका ब्राह्मणाच्या घरीं प्रवेश केला, आणि त्यानें वर्षानुवर्षें खपून जमविलेल्या व नकललेल्या पोथ्या उचलून आणल्या. त्यांत व्यासाच्या नांवावरील ग्रंथ होते. विद्यालयांत त्यांचें भाषांतर करविण्यांत आलें, व त्यांतील वचनें काढून हिंदूंशीं वाद घालण्यासाठीं त्यांचा उपयोग केला गेला. त्या ब्राह्मणाचें दुःख पत्रांत नोंदलेलें नाहीं. ज्यांनीं कधीं एखादी पोथी उतरून काढली आहे, त्यांस तें सांगावयास नको.

परंतु भाषांतर करावयाचें म्हणजे दोन्ही भाषा जाणणारा मनुष्य पाहिजे. लान्सिलोत्तोच्या मोजणींत न बसणारे आणि गोमिशनें घराबाहेर घातलेले जे विद्यार्थी, त्यांच्याच जातीच्या माणसांवांचून हें काम होणें शक्य नव्हतें. पुढील शतकांत ह्याच परंपरेंतून रोमन लिपींतील कोंकणी व मराठी वाङ्मय निर्माण झालें. पोर्तुगालांतील ब्राग येथील ग्रंथालयांत क्रमांक ७७१, ७७२ व ७७३ ह्या बाडांत रामायण-महाभारतांतील कथांचीं कोंकणी गद्यरूपें व मराठी पद्यें जपून राहिलीं आहेत. विसाव्या शतकांत त्यांकडे अभ्यासकांचें लक्ष वेधलें गेलें. त्या बाडांतील अक्षर रोमन आहे, पण वाणी येथील मनुष्याची आहे. ती कोणीतरी सांगितली, कोणीतरी उतरून घेतली. आणि सांगणाऱ्याचें नांव बाडावर नाहीं.

संत पॉलच्या कमानीखालून जाणाऱ्यानें ह्या अनामिकांची आठवण करावी. त्या घराचा इतिहास आजवर रेक्टरांच्या नांवानें सांगितला गेला आहे. तो विद्यार्थ्यांच्या नांवानें लिहावयाचा तर पत्रसंग्रहांतील निकालवजा वाक्यें बाजूस ठेवून, नोंदींतून जीं थोडीं नांवें व थोडे शब्द हातीं लागतात ते एकेक वेंचून काढले पाहिजेत. आंजिरोचें पत्र, आंतोनियुची साक्ष, आंद्रे वाझची दीक्षा हीं त्यांपैकीं तीन होत. अशीं आणखी कांहीं गोव्याच्या, लिस्बनच्या व रोमच्या दफ्तरांतून निघण्यासारखीं आहेत, आणि ज्यांस मोडीप्रमाणें जुनें पोर्तुगीज अक्षरही वाचतां येतें अशा तरुण संशोधकांनीं तें काम अंगावर घ्यावें, अशी आमची विनंती आहे.